ही तीच बाई कशावरून?

आमच्या वार्डात पंचायतीच्या तीन जागा आहेत. प्रत्येकाला तीन मतं, तीन वेगळ्या जागांसाठी. त्यातली एक जागा राखीव, अनुसूचित जातीच्या बाईसाठी. वाचायला बरं वाटतं. पण त्या जागेला मत देणार सगळा वार्ड, आणि वार्डात आमची बौद्धांची वस्ती जेमतेम तिसरा हिस्सा. म्हणजे बाई आमच्यातली, पण ती कोणती हे ठरवणार बाकीचे. मी एका खासगी कॉन्व्हेंटात नागरिकशास्त्र शिकवते. हा धडा आला की माझा आवाज चढतो, आणि पोरं एकमेकांकडे पाहतात.

माझी मावशी आमच्याच गावात दिलेली. माहेर कळंबकडचं. तिला राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला वाट पाहिजे होती, मसणवट्याची वाट.

वस्तीपासून मसणवट्यापर्यंत एका वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, पायवाट होती. वावरवाल्याने दरवर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकवत ती खाल्ली. आता तिथे कपाशी उभी असते. उरला तो नाला. उन्हाळ्यात त्यातून चालत जाता येतं, पण माणसं काय फक्त उन्हाळ्यात मरतात? काका, म्हणजे मावशीचा नवरा, गेले ते पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. चौघं तिरडी घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरले. मधे एकाचा पाय सटकला आणि काका अर्धे पाण्यात गेले. मावशी काठावर उभी राहून पाहत होती. ती रडली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "मले पंचायतीत बसाचं हाय. वाटेचा एक ठराव कराचा, मंग मी आपली घरी."

आधीच्या निवडणुकीत आमच्या दोन बाया उभ्या राहिल्या होत्या. वस्तीची मतं फुटली आणि वावरवाल्याच्या पसंतीची तिसरीच निवडून आली. म्हणून या वेळी विहारात बैठक झाली. पंचशील म्हटलं, आणि सगळ्यांनी हात वर करून शब्द दिला की वस्तीतून एकच फॉर्म जाईल, मावशीचा. पोडावरचे, म्हणजे वार्डातल्या आदिवासी पाड्यावरचे, कोलाम म्हातारेही येऊन बसले होते. "आमची मतं मावशीलेच," ते म्हणाले. वस्ती आणि पोड मिळून अर्ध्याच्या वर जात होतं. मी वहीवर तीनदा मांडून पाहिलं. आमची बाई आम्हीच निवडणार, असं पहिल्यांदाच होणार होतं.

वावरवाल्यानेही एक फॉर्म भरायला लावला. कुणाचा? आमच्याच वस्तीतल्या एका विधवेचा, जी त्याच्या गोठ्यात शेण काढायला जाते. वस्तीत जो तो म्हणू लागला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मीही म्हटलं, चारचौघींत, मोठ्याने.

माझ्या शाळेतल्या एका मॅडमनी मला बजावलं होतं, "एक डमी फॉर्म भरून ठेव. तुझाच भर. छाननीत काय होईल सांगता येते का?" मी ताठ मानेने सांगितलं की विहारात शब्द दिला आहे, दुसरा फॉर्म जाणार नाही. केवढा तो माझा तोरा! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मावशीचा फॉर्म मीच भरला. जातीचा दाखला बापाच्या घरून मिळतो, म्हणून त्यावर बाईचं माहेरचं नाव. फॉर्मवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र जोडायचं असतं. मला ठाऊक होतं. पण शेवटचा दिवस, कचेरीत ही लाइन, संगणक मधेच बंद पडलेला. मी मनात म्हटलं, मावशीला अख्खं गाव ओळखते, तिला कोण अडवते? आणि तसाच फॉर्म देऊन आले.

छाननीच्या दिवशी तालुक्याला मावशी धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. तिचा फॉर्म टेबलावर आला तसा वावरवाला उठला.

"साहेब, दाखला एका बाईचा, फॉर्म दुसऱ्या बाईचा. ही तीच बाई कशावरून?"

मावशीला हसू आलं. तिला वाटलं, गडी मस्करी करतो. "अहो भाऊ, कायले चेष्टा करून राह्यले? तीस वर्सं तुमच्या वावरात कापूस वेचला. तुमीच तर सकाळी नाव घेऊन आवाज देता मले."

तो तिच्याकडे वळलाच नाही. साहेबांकडे पाहत उभा राहिला. साहेब काही वाईट नव्हते, त्यांनी दोनदा कागद उलटेपालटे केले आणि मला विचारलं, "प्रतिज्ञापत्र?"

"राहिलं," मी म्हणाले.

एवढंच बोलले मी, आणि फॉर्म बाद झाला. मावशीचं हसू तोवर चेहऱ्यावरच होतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर पाहत बसली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

आमचा दुसरा फॉर्मच नव्हता. विधवा अविरोध निवडून आली. गुलाल उधळला, आणि गावाच्या एकीचं कौतुक करणारा बॅनर पंचायतीसमोर लागला. एकी! ती तर आम्ही केली होती.

वर्षभरात ठराव झाला की मसणवट्याला नाल्याकडून रस्ता उपलब्ध आहे, वेगळ्या रस्त्याची गरज नाही. खाली आमच्या राखीव जागेची सही. मी तरातरा त्या विधवेच्या घरी गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"ही सही कायले केली वं?" मी ओरडलेच.

तिने मान वर केली नाही. "त्यायनं मनलं कर, केली."

"आपल्या मान्साइले पान्यातून न्या लागते, तुले दिसत नाही?"

मग मात्र तिने सूप बाजूला ठेवलं. "विहारात बैठक झाली तवा मले कोनं बोलावलं? एका घरानं तरी आवाज देल्ला? तुमी ठरवलं, तुमीच हात वर केले. त्या मान्सानं मले निदान इचारलं त, उभी राह्यतं का मनून. दांडा मनता मले. दांडा काय आपल्या मनानं जाते का कुऱ्हाडीत?"

त्या बैठकीत ती नव्हती हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मावशी गेल्या भादव्यात गेली. जायच्या चार दिवस आधी म्हणाली, "मले घट्ट बांधजा, तुह्या काकासारखी नको." आम्ही तिरडीला दोराचे सहा वेढे दिले. नाल्याला पाणी होतं. काठावर बाया थांबल्या, पण ती विधवा लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि तिने पायाकडची बाजू धरली. तिला कोणी नको म्हटलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी मी मृत्यूची नोंद करायला पंचायतीत गेले. या वेळी सगळे कागद नेले होते. आधार, दाखला, आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, शिक्क्यासकट. ते मी मुद्दाम करून ठेवलं होतं, कधीचं. कशासाठी, विचारू नका.

ग्रामसेवकाने नाव विचारलं. मी मावशीचं सासरचं नाव सांगितलं आणि पिशवीतून कागद काढू लागले. भिंतीशी खुर्चीवर वावरवाला बसला होता.

"लिहा ना साहेब," तो म्हणाला. "कागद कायले पाह्यजे? मी ओळखतो तिले. तीस वर्सं माह्याच वावरात होती."

ग्रामसेवकाने मान हलवली आणि नाव लिहून टाकलं. प्रतिज्ञापत्र माझ्या हातातच राहिलं.