शेवटच्या घरातला पिवळा रंग

आधीच सांगून टाकते, मी रस्त्यावरची लिंबू-मिरची मुद्दाम ओलांडून जाणारी बाई. अंगात येणं, नजर लागणं... सगळं थोतांड, असं तोंडावर सांगून दोन मावश्या कायमच्या दुखावल्या आहेत. तेव्हा हे वाचून मला शहाणपण शिकवायला कुणी येऊ नका. शंका काढून काढून माझ्याच डोक्याचा पार भुगा झालाय.

२००१ सालचा मे महिना. वर्ध्याजवळच्या एका लहानशा लॅबमध्ये मी पीएचडी करत होते. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. बोरगाव मेघेला एका खोलीत एकटीच राहायचे. सकाळी कुलूप लावायचं, संध्याकाळी उघडायचं... मधल्या वेळात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा माणूस एकच — नामदेवकाका, आमचे लॅब अटेंडंट. राहायला पवनारला, घरची वांग्याची शेती. सायकलवरून यायचे, माझ्या टेबलावर दोन वांगी ठेवायचे आणि विचारायचे, "पोरी, जेवली काय?" नाही म्हटलं की, "काऊन नाई जेवली? कोणासाठी थांबून राह्यली?"

हो ना, कोणासाठी!

आता काम काय होतं ते सांगते. आमच्याकडे परदेशातून आलेली एक अँटीबॉडी होती. इवलीशी कुपी, बोटाचं पेरही बुडणार नाही एवढंच द्रावण. माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीतलं एक प्रोटीन ती रक्तात ओळखायची. फक्त माणसाचं. उंदराचं, बकरीचं रक्त दिलं तर ढिम्म. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव छोटी छोटी घरं असतात. ज्या घरात ते प्रोटीन असेल, तिथे शेवटी पिवळा रंग येतो. नुसतं पाणी घातलेलं घर स्वच्छ राहतं.

पेशंटच्या रक्तासोबत प्रत्येक प्लेटवर एका निरोगी माणसाचं रक्त लावावं लागतं, तुलनेसाठी. माझ्या गाइड सरांचा नियम असा, की पहिल्या प्लेटपासून शेवटच्या प्लेटपर्यंत हा माणूस एकच हवा. आमचा निरोगी माणूस म्हणजे नामदेवकाका. त्यांचं घरही ठरलेलं, सगळ्यात शेवटचं, एच-बारा. बाही वर करून म्हणायचे, "घे वो, माह्यं रगत काई महाग नाई!" आणि रंग यायच्या वेळी हातातला झाडू बाजूला ठेवून प्लेटवर वाकायचे.

"आलो काय मी?"

"आलात, काका."

रंग मोजायच्या मशीनवर त्यांचा आकडा दरवेळी तोच. पॉइंट चार-दोन.

त्या मे महिन्यात, एका सकाळी वांग्यांना पाणी सोडता सोडता ते बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

इकडे एक प्लेट राहिली होती. अँटीबॉडीही तेवढ्यापुरतीच शिल्लक, नवी येणार नव्हती. ही प्लेट बसली तर पीएचडी, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. आणि फ्रीजर उघडल्यावर लक्षात आलं... अँटीबॉडी आम्ही चाळीस नळ्यांमध्ये वाटून जिवापाड जपली होती, पण काकांच्या रक्ताची एकही नळी नव्हती. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचं कोण साठवून ठेवतं हो? लागलं की ताजं घ्यायचो. सर मला खूप बोलले. मग म्हणाले, "एच-अकराला तुझं रक्त लाव. नामदेवच्या आकड्याजवळ आलं तर धरू."

लावलं. एच-बारामध्ये नुसतं पाणी घातलं. तिथे दुसऱ्या कुणाचं रक्त टाकायला माझा हात होईना, एवढंच.

दुपारचे तीन. बाहेर रणरणतं ऊन, आत कूलरची घरघर आणि मी एकटी. शेवटचं द्रावण टाकलं. माझं घर फिकट आलं, काकांच्या आकड्याच्या आसपासही नाही. गेली पीएचडी! आणि त्याच्या शेजारी... एच-बारा पिवळं. काकांचं असायचं तस्संच. प्लेट मशीनमध्ये घातली.

पॉइंट चार-दोन.

म्हणाल, शेजारच्या घरातलं उडालं असेल. अहो, फिक्यातलं उडून गडद कसं होईल? पाणी खराब असेल म्हणाल, तर त्याच बाटलीतलं पाणी पहिल्या घरातही होतं, ते काचेसारखं स्वच्छ. प्लेटचं पाकीट मी माझ्या हाताने फोडलेलं. आणि काकांना जाऊन आठ दिवस झाले होते.

मी स्टुलावर बसून ढसाढसा रडले. भीतीने नाही. त्या आठ दिवसांत मला कुणीही, जेवलीस का, असं विचारलं नव्हतं.

सरांनी मशीनचा कागद पाहिला. "एच-बारात काय होतं?"

"पाणी."

त्यांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. मग हळूच म्हणाले, "नामदेवचं जुनं सॅम्पल सापडलं म्हणून लिही. आकडा जुळतोय. प्लेट पास होईल."

एक ओळ लिहायची होती हो! पेन हातात घेऊन बसले. शेवटी लिहिलं, "एच-बारा – पाणी. रंग आला. कारण माहीत नाही." पाण्याच्या घराला रंग आला की प्लेट बाद. माझी प्लेट मी माझ्याच हाताने बाद केली. खोटेपणाची मला चीड आहेच, पण खरं सांगू? त्या दुपारी ते आले होते. "जुनं सॅम्पल" असं लिहिलं असतं, तर ते आलेच नव्हते असं झालं असतं.

पीएचडी राहिली ती राहिलीच. आता वर्ध्यातच एका खासगी लॅबमध्ये थायरॉइडच्या टेस्ट लावते. प्लेट तशीच, शहाण्णव घरांची. कारण मला आजही माहीत नाही. कुणी समजावून सांगितलं तर ऐकून घेईन, पटेलच असं नाही.

शेवटचं घर मी दरवेळी पाण्याचं ठेवते, आणि रंग यायच्या वेळी वाकून बघते. इतक्या वर्षांत एकदाही आला नाही.

डबा मात्र वेळेवर खाते.