चिमूटभर खाणं

सकाळी प्लंबरने बेसिनच्या कडेला सिलिकॉन भरलं आणि घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास पसरला. "साहेब, उद्यापर्यंत पाणी लागू देऊ नका," म्हणून तो गेला. मी मात्र वीस वर्षं मागे, शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचलो.

तेव्हा आमचा फिश टँक कोपऱ्यातून गळायला लागला होता. दुकानात जाऊन विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मासे बादलीत काढले, जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं आणि घरात होतं ते बाथरूमच्या सिलिकॉनच्या ट्यूबमधलं भरलं. दोन दिवस वाळूही दिलं. गळती थांबली, मी बायकोसमोर मिरवलो. चार दिवसांत सगळे मासे उलटे तरंगत होते.

सासरे आमच्याकडेच राहायचे. रोज तेच माशांना चिमूटभर खाणं टाकायचे. "बाबा, तुमच्याकडून जास्त पडलं असणार," मी म्हणालो. ते नुसते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

संध्याकाळी ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचला. त्यात बुरशीनाशक होतं, माशांच्या टाकीला वापरू नये असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ती ट्यूब कागदात गुंडाळून कचऱ्यात तळाशी दडपली.

पुढे टाकी नीट विचारून, योग्य सिलिकॉनने पुन्हा जोडली. नवे मासे आणले. खाण्याची डबी बाबांपुढे धरली, तर त्यांनी हात मागे घेतला.

"नको, तुम्हीच टाका. माझा हात जड आहे."

मी टोपण उघडलं. आणि खरं सांगतो, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.