शुक्रवारचा कोपरा

हलिमा, तुझ्याबद्दल लिहायचं तर आधी तुला विचारायला हवं होतं. पण तू म्हणाली असतीस, "मावशी, लिवा नायतर सोडा, मला भाकऱ्या थापायच्यात." म्हणून विचारलं नाही. आणि आता तुला जरा लांबच उभी करते, समोर असलीस की मधेच बोलतेस.

तर ही हर्णैची हलिमा. सौदीत, रियाधच्या बत्हा नावाच्या जुन्या बाजारपेठेत तिची खानावळ. कागदावर कफील, म्हणजे परवाना देणारा सौदी मालक, हाशमची, गल्ल्यावर नवरा यूनुस, हुकूम मात्र हलिमाचा. शुक्रवारी नमाजनंतर रत्नागिरी-रायगडची माणसं तिच्या दारापुढच्या कोपऱ्यावर जमतात. कोण सुट्टीवर निघालंय ते तिथे कळतं, आणि जो निघालाय त्याच्या हाती बाकीच्यांची पुडकी जातात. बहिणीची ओढणी, बापाच्या चष्म्याची फ्रेम, पोरीची बाहुली. प्रत्येक पुडकं सगळ्यांदेखत उघडून दाखवायचं, मगच बांधायचं. आणि गावाकडे निघालेल्याने इथून रिकाम्या हाताने जायचं नाही. नाही म्हणजे नाही.

मागच्या हिवाळ्यात पर्यटनाचं वारं बत्ह्यात शिरलं. जुन्या बाजारातून पाहुण्यांची पायी फेरी काढायची, जेवण हलिमाकडे. त्यासाठी बैठक भरली. पाहुणे जिथे उतरणार त्या हॉटेलवाल्याला कोपरा मोकळा हवा, गाइडला सगळं 'ऑथेंटिक' हवं, हाशमला दारावर नवी पाटी हवी. सल्लागार कंपनीचा उन्मेष पुण्याचा. तो गोड आवाजात म्हणाला, "भाभी, आपण सगळे स्टेकहोल्डर आहोत."

"म्हणजे कोण?"

"ज्यांचा ह्यात वाटा आहे ते."

"मग कोपऱ्यावरची माणसं कुठायत? त्यांतला एकतरी बोलावलास?"

उन्मेषने घसा साफ केला. "फक्त शुक्रवारी दुपारी ती गर्दी मागच्या गल्लीत न्यायची. पाहुण्यांना फोटो नीट मिळतात."

"आठवड्यात एक दुपार मिळते रे त्यांना! तीपण कचऱ्याच्या पेट्यांपाशी काढायची?"

यूनुसने टेबलाखालून पाय मारला. ती मोठ्याने म्हणाली, "पाय मारू नको. माझं बोलून झालं नाय."

हाशमने थंडपणे सांगितलं की तिला जमत नसेल तर तो तिथे कॉफीचं दुकान काढेल. हलिमाचा सगळा संसार त्या चुलीवर होता. तरी ती म्हणाली, "काढ. माणसं तिथेच येतील. त्यांना तुझी पाटी वाचता येत नाय, पण कोपरा पाठ आहे."

शेवटी ठरलं, एका शुक्रवारी फेरी आणून बघू, मग कोपऱ्याचं काय ते.

त्या शुक्रवारी हलिमाने खाली सुफरा, म्हणजे पंगतीची लांब चादर, अंथरला आणि पाहुण्यांना कामगारांच्या मधेमधे बसवलं. एकाने कॅमेरा काढला. "आधी जेव. मग त्याला विचार. हो म्हणाला तर काढ," तिने हिंदीत फर्मावलं. माशाचं कालवण वाढलं जात होतं, आणि तेवढ्यात उन्मेष सहज बोलून गेला, "उद्या मी पुण्याला चाललोय, सुट्टीवर."

झालं! बोटं चाटून होण्याआधी त्याच्या मांडीवर पुडकी येऊ लागली.

"अहो भाभी, मी पुण्याला! हर्णैला नाही!"

"पुण्याहून दापोलीला एसटी जाते. समुद्र बघशील, मासे खाशील. तूही कर की जरा पर्यटन!"

अख्खी पंगत हसली. मुंबईला निघालेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने विचारून घेतलं काय चाललंय ते, आणि उघडून दाखवलेली बाहुली आपण होऊन मागून घेतली. दारात उभ्या हाशमने हे सगळं बघितलं. मग "खलास", म्हणजे झालं, विषय संपला, म्हणाला आणि गाडीत बसला. कॉफीच्या दुकानाचं नाव पुन्हा निघालं नाही. फेरी हल्ली येते, पण शुक्रवार सोडून. हॉटेलवाला अजून धुसफुसतो. धुसफुसू दे.

आता तुझ्याशी, हलिमा. घावन्यांसाठी दापोलीहून बिडाचा तवा आणा म्हणालीस, तो कधीचा घेऊन ठेवलाय. पण दर वेळी सुट्टी संपवून रियाधला परत निघताना तुझाच फोन येतो. कुणाचे सांडगे, कुणाचं कोकम, कुणाच्या आजीने शिवलेली गोधडी. बॅग भरते, वजन जास्त होतं, आणि पहिला बाहेर निघतो तो तुझा तवा. नियम तुझा, मी काय करू? कागदात गुंडाळलेला तो अजून दापोलीतच आहे.