सहपत्राला नंबर नसतो

सुनावणीच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर क्लिक केलं आणि स्क्रीनवर राखाडी चौकट आली. फाईल सापडत नाही, असं इंग्रजीत लिहिलेली. दुसरी लिंक दाबली, तेच. तिसरी दाबली, तेच. आदल्याच दिवशी फुलचूरच्या माझ्या दुकानात यातली लिंक न् लिंक मी स्वतः तपासली होती!

"मॅडम, काय म्हनून राह्यलं ते?" शेजारी बसलेल्या गीताबाई उईकेंनी विचारलं.

"फाईल सापडत नाही म्हणतंय."

"मांगच्या वेळी साहेब म्हनला. आता मशीनबी म्हनून राह्यली."

गीताबाई नागझिऱ्याच्या कडेच्या एका गावच्या, तिथल्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष. शेजारच्या जंगलातली मोहफुलं, तेंदूपानं, बांबू गावाला हक्काने गोळा करता यावा, असा त्यांचा दावा. पहिल्यांदा कागदांचं गाठोडं दिलं, ते 'पुरावा आढळून येत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. पुरावा होता की! गाठोड्यात खाली होता, तिथपर्यंत कोणाचा हात गेला नाही. आता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुनावणी होती. ती फसली असती, तर तेंदूचा हंगाम गावाच्या हातून पुन्हा गेला असता.

म्हणून त्या माझ्याकडे आल्या. कागद स्कॅन करून त्यांच्या पीडीएफ करायच्या आणि त्या पीडीएफ एकमेकींना जोडायच्या, हा माझा धंदा. कार्यालयाला प्रत्येक पुरावा वेगळ्या पीडीएफमध्ये हवा होता. मी वर एक अनुक्रमणिकेची पीडीएफ केली. तिच्यातून नकाशा उघडायचा. नकाशात गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, क्लिक केलं की दुसऱ्या पीडीएफमधलं त्या बोडीच्या जुन्या नोंदीचं नेमकं पान समोर यायचं. तिथून तिसऱ्या पीडीएफमध्ये म्हाताऱ्यांचे जबाब. लिंक म्हणजे निव्वळ पत्ता असतो: अमक्या नावाच्या फाईलचं अमुक पान. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये राहिल्या आणि नावं तीच राहिली, की ते फोल्डर कुठल्याही कॉम्प्युटरवर न्या, लिंक चालते.

नावं तीच राहिली, की! आम्ही जमा केलेलं फोल्डर मी कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक फाईलच्या नावापुढे एक लांबलचक नंबर बसला होता.

आवक टेबलावर, म्हणजे बाहेरून आलेल्या कागदाची जिथे नोंद होते तिथे, रहांगडाले बाबू होते. मी तरातरा त्यांच्याकडे गेले.

"बाबूजी, ही नावं कोणी बदलली?"

"मैंने. एकेका फाईलले नंबर टाकला, बसून." आवाजात अभिमान होता. "बिना नंबर का कागज इस ऑफिस में अंदर नहीं जाता, मॅडम."

"अहो, पण सगळ्या लिंक तुटल्या!"

"लिंकले मी हातच नाही लावला."

"मग नंबर काढून टाका ना."

"नंबर काढला म्हंजे कागद आलाच नाही. मंग उद्या सुनावनी कायची?"

राग आला, पण माणूस त्याच्या नियमाने बरोबर होता. संध्याकाळपर्यंत बसून नव्या नावांनी लिंक पुन्हा जोडता आल्या असत्या. पण हे प्रकरण पुढे वरच्या कार्यालयात जाणार. तिथेही आवक टेबल, तिथेही बाबू. तो आपले नंबर टाकणार आणि लिंक पुन्हा मरणार. गीताबाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. ते जास्त अवघड होतं.

तेवढ्यात आमगावकडचा एक माणूस जाडजूड कागदांचा गठ्ठा घेऊन आला. बाबूंनी वरच्या पानावर शिक्का मारला, नंबर घातला आणि खालचे कागद न बघताच गठ्ठा बाजूला सारला.

"बाबूजी, खालच्या कागदांना नंबर का नाही?" मी विचारलं.

"ते सहपत्रं होत, अर्जासंगं जोडलेले कागद. नंबर अर्जाले असते. सहपत्राले नंबर नसते."

मी जागच्या जागी उडालेच. "गीताबाई, चला! अर्ज लिहायचा आहे!"

लॅपटॉप काढला. अनुक्रमणिकेच्या डोक्यावर 'प्रति' आणि 'विषय' घातलं. 'सुधारित प्रत सादर' असं लिहिलं. खाली 'सोबत: सहपत्रे' आणि त्यातल्या प्रत्येक नावावर लिंक. अनुक्रमणिकेचा अर्ज झाला. गीताबाईंची सही स्कॅन करून घातली आणि पेन ड्राइव्ह बाबूंपुढे ठेवला. त्यांनी अर्ज वाचला, सहपत्रं पाहिली, मान डोलावली आणि नंबर फक्त अर्जाच्या नावापुढे टाकला. टाकू देत! लिंक अर्जातून सहपत्रांकडे जातात, आणि सहपत्रांची नावं जशीच्या तशी होती.

क्लिक केलं. नकाशा उघडला. बोडीवर क्लिक केलं. जुनी नोंद उघडली! मी इतक्या जोरात टाळी वाजवली की आख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

"आता वापस कसं यायचं?" गीताबाईंनी विचारलं.

नेमका प्रश्न. प्रत्येक सहपत्रावर मी 'मागे' असं बटण ठेवलं होतं, पण ते अर्जाचं जुनं नाव शोधत होतं. ती बटणं काढून टाकली आणि कीबोर्डवरची ऑल्ट आणि डावा बाण ही जोडी त्यांना दाखवली. ती नावाच्या भानगडीत पडत नाही, जिथून आलो तिथे परत नेते. त्यांनी दोनतीनदा करून पाहिलं. मग मला हळूच बाजूला सारून म्हणाल्या, "उद्या मीच दाबतो."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच दाबलं. साहेबांनी गावाची हद्द विचारली, पडद्यावर नकाशा. बोडी विचारली, जुनी नोंद. तेंदू कोण तोडत होतं विचारलं, म्हाताऱ्यांचे जबाब. कागद हुडकायची वेळच आली नाही. गीताबाईंचं बोट एकदाही चुकलं नाही.

शेवटी साहेबांनी स्टेनोला सांगितलं, "लिहा. पुरावे तपासले. आढळून आले. दावा मंजुरीसाठी वर पाठवावा."

"साहेब," गीताबाई म्हणाल्या, "ते मधातलं आनखी एकदा म्हना."

"कुठलं?"

"आढळून आले."

साहेब हसले आणि पुन्हा म्हणाले. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

वरच्या कार्यालयातल्या बाबूंनीही अर्जाला आपला नंबर टाकला. लिंक चालल्या, दावा मंजूर झाला. तेव्हापासून कुठल्याही कार्यालयाचं काम घेतलं, की त्यांच्याकडे सॉफ्टवेअर कोणतं हे मी नंतर विचारते. आधी आवक टेबलासमोर जाऊन बसते आणि शिक्का कुठे पडतो ते बघते.