बिब्याचं दूध

लामत्याजवळच्या त्या गावात बाळंतिणीला बिबा द्यायचा, तो दुर्गाबाईंच्याच हातचा. अंगाला तेल लागलं तर फोड उठवणारं हे जंगली फळ. पण चिमट्यात धरून दिव्यावर शेकलं, टोचलं, की थेंब दुधात पडतो, त्याचं जाळं पसरतं, आणि बाळंतिणीच्या गारठलेल्या हाडांत जीव येतो, अशी गावाची समजूत. ज्या सुनेला तो सोसला नाही ती कच्च्या अंगाची. हे नाव जन्मभर पुसत नाही.

आता त्यांचीच सून, मोहितची बायको श्रुतिका, बाळंतीण होती. काल दुर्गाबाईंनी तिच्या मनगटावर बिब्याचा ठिपका लावला होता. सुजला तर दूध द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. सकाळी विचारलं, तर काही झालं नाही म्हणाली.

दुपारी दिव्याशी बसून दुर्गाबाई बिबा शेकत होत्या. बाळ झोपलेलं. श्रुतिका मोबाइलवरची गोष्ट आपल्या माहेरच्या हिंदीत सांगत होती. कुठल्याशा बर्फाच्या मुलखात नद्यांतून विष वाहायचं, वाहता वाहता गोठायचं. मग आगीच्या देशाकडून झळ आली, गोठलेलं विष पाझरलं, आणि थेंबाथेंबातून पहिला जीव उठून बसला, डोंगराएवढा. दुर्गाबाईंना तो धुक्यातून उठताना दिसलाच. ओला, आंधळा, भुकेला.

"अन् त्याले दूध कोनं पाजलं?"

"गाय थी ना, आई. वो भी उसी बर्फ से निकली."

"मंग बराबर हाय," दुर्गाबाई म्हणाल्या.

दुधावर जाळं पसरलं. पेला द्यायला त्या वाकल्या, आणि सुनेच्या हाताला तिळा-खोबऱ्याचा वास आला. बिबा उतला, अंग सुजलं, तरच कुणी असा लेप लावतं. त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगट टम्म सुजलेलं.

"काहून लपवलं वं?"

श्रुतिकाची मान खाली. "सब बोलेंगे, मोहित की बहू कच्ची है."

"अन् गळा सुजला असता त लेकराले कोनं पाजलं असतं?"

अंगणात शेजारच्या शेवंताबाईंची चाहूल लागली. आज कुणाला काय सोसलं, हे गावभर नेणारी हीच. दुर्गाबाईंनी पेला तोंडाला लावला आणि सगळं दूध स्वतःच पिऊन टाकलं.

शेवंताबाईंनी दारातूनच रिकामा पेला पाहिला. "देल्ला?"

"हौ. सोसला," म्हणत दुर्गाबाई ओठ पुसत उठल्या आणि सुनेच्या साध्या दुधासाठी दुसरा पेला शोधू लागल्या.