हान राजवटीची बरणी घेऊन लेस्टरला

मिल्टन कीन्सहून लोक लेस्टरला साड्या घ्यायला जातात, दागिने घ्यायला जातात. आम्ही गेलो ते आमची फुलदाणी दोन हजार वर्षांची आहे का, हे विचारायला.

ही हिरव्या झिलईची, ढेरपोटी फुलदाणी माझ्या नवऱ्याने, म्हणजे अमेयने, कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, पाच पाउंडांना घेतली. चार व्हिडिओ बघून ती चीनच्या हान राजवटीतली असल्याचं जाहीर केलं आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून दिली. हात लावायचा नाही, बुडाला चिकटवलेलं फेल्टचं कापडसुद्धा काढायचं नाही! त्याला पैसे नको होते. म्युझियममध्ये काचेच्या पेटीखाली 'अमेय यांच्या सौजन्याने' अशी पाटी हवी होती.

शनिवारी नऊला निघालो. माझ्या सासूबाई जानेवारीपासून आमच्याकडे आहेत. त्यांनी फुलदाणी पहाटेच गोधडीत गुंडाळून, गाठी मारून तयार ठेवली होती.

"केवढी जड आहे!" अमेय खूश झाला. "ओरिजिनल पीस असाच असतो."

सात राउंडअबाउट ओलांडले की एम वन मोटरवे, मग जंक्शन एकवीसपर्यंत सरळ. रोडवर्क्स धरून सव्वा तास ठेवा. तिसऱ्या राउंडअबाउटला गाडीत हिंगाचा वास आला.

"आई, डबा उघडलाय का?"

"नाही रे, तू पुढे बघून चालव."

जुन्या वस्तूंची पारख एका चर्चच्या हॉलमध्ये होती. तिकीट तीन पाउंड, त्यात चहा-बिस्किटं. रांग मात्र आपल्या रेशनच्या दुकानासारखी. तासाभराने आमचा नंबर लागला. तज्ज्ञ बाईंनी हलक्या हाताने गोधडी सोडली. आत फुलदाणी, आणि तिच्या तोंडाला दोरीने बांधलेलं पांढरं फडकं.

"व्हॉट्स इनसाइड?"

"लेमन पिकल," आई म्हणाल्या.

अमेयचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"अरे, तोंड रुंद, आतून गुळगुळीत. रिकामी बसली होती. लोणचं काय प्लास्टिकच्या डब्यात घालायचं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, की ही खरंच हान काळातली असेल तर झिलईत विषारी शिसं असणार, आणि लिंबू-मीठ ते बाहेर ओढतं. "आय डू होप नोबडीज ईटन एनी."

मला दरदरून घाम फुटला. पाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात चाळीस जणांनी हेच लोणचं बोटं चाटून खाल्लं होतं. आई मटकन खुर्चीवर बसल्या.

"अगं, मी आग्रह करकरून वाढलं गं सगळ्यांना. नको म्हणणाऱ्यांनासुद्धा."

त्यांचे डोळे भरले. दोन महिने 'खरी असू दे' म्हणून देवापुढे बसणारा अमेय टेबलावर वाकून गयावया करायला लागला. "मॅडम, फेक असेल ना? प्लीज, परत एकदा बघा ना!"

बाईंनी नखाने बुडाचं फेल्ट सोललं. खाली शिक्का होता: 'फूड सेफ, डिशवॉशर सेफ'.

अमेयने अशी आरोळी ठोकली की अख्ख्या हॉलला वाटलं आम्हाला घबाड मिळालं. टाळ्या पडल्या. रांगेतल्या एका आजोबांनी येऊन हात मिळवला, "वेल डन, बोथ ऑफ यू!" सांगायचं तरी काय? आम्ही थँक यू म्हटलं.

आईंचा मात्र विश्वास बसेना. "एवढी खात्री आहे तर तिला म्हणावं, खाऊन दाखव."

मी लाजत लाजत भाषांतर केलं. बाईंनी चहाच्या बिस्किटावर एक फोड ठेवून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं. मग त्यांनी बिस्कीट पुढे केलं, आणखी एक फोड मिळेल का म्हणून. तेव्हा कुठे आई हसल्या.

गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडला जाऊन ढोकळा, जिलेबी खाल्ली. शनिवारी तिथे पार्किंग मिळत नाही, मागच्या गल्ल्यांत बघा.

घरी आलो. दुपारी आग्रह हा शब्द काढला, तेव्हापासून त्यांनी कोणाला काही घे म्हटलं नव्हतं. रात्री जेवायला बसलो, तर बरणी टेबलाच्या मधोमध, आणि पुढे अमेयच्या अक्षरात पाटी: 'लिंबाचं लोणचं. मिल्टन कीन्स, चालू शतक. आईंच्या सौजन्याने.'

आईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग मी नको नको म्हणत असताना माझ्या पानात दुसरी फोड वाढली.