वाशीमच्या समुद्रातलं तण

समुद्रापासून शक्य तितकं लांब राहून समुद्राची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी थोरली मुलगी त्यांना दिली, धाकटी मला, त्यामुळे हा समुद्र माझ्याही वाट्याला आला. वाशीमला समुद्र नाही हे कळायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. उन्हाळ्यात नळ किती दिवसांआड येतो एवढं माहीत असलं तरी पुरे. अशा गावात, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका साध्या घराच्या बैठकीत, पाच फूट लांबीचा काचेचा समुद्र आहे. त्यात खारं पाणी आहे, लाटा करणारी मोटर आहे, दगडांवर वाढणारे प्रवाळ आहेत आणि ते पाणी सव्वीस डिग्रीवर थंड ठेवणारं यंत्र आहे. मे महिन्यात माणसं ओल्या टॉवेलाखाली पडून असतात आणि साडभाऊंचे मासे महाबळेश्वरला असल्यासारखे फिरतात. ताई, म्हणजे त्यांची बायको, देवापुढे हात जोडून म्हणतात, "पुढल्या जन्मी मले मासोयीच कर रे बाप्पा. निदान थंड्या पान्यात त राहाले भेटन."

साडभाऊ कृषी सहायक होते. नोकरीची तीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगितली: लगेच फवारू नका, आधी कीड मोजा, किडीला खाणारे किडेही वावरात असतात, त्यांना जगू द्या, ते तुमचं काम करतील. या खाणाऱ्यांना ते मित्रकीटक म्हणत, आणि सख्ख्या भावाबद्दल कोणी बोलणार नाही इतक्या जिव्हाळ्याने त्यांच्याबद्दल बोलत. आता माझं म्हणाल तर माझं कृषी सेवा केंद्र आहे. बी, खत आणि मुख्य म्हणजे औषधं. कीटकनाशकाला आमच्याकडे औषधच म्हणतात. एक जावई किडे वाचवणारा आणि दुसरा मारणारा, त्यामुळे दिवाळीच्या पंगतीत सासूबाई आम्हा दोघांच्या मध्ये मुद्दाम एक पाट रिकामा ठेवत. साडभाऊ मला नावाने हाक मारत नाहीत. ‘दुकानदार’ म्हणतात, आणि तो शब्द असा उच्चारतात की आपण दुकान नव्हे, जुगाराचा अड्डा चालवतो असं वाटावं.

एकदा रिठदला एका शेतकऱ्याच्या कपाशीत त्यांनी भर उन्हात स्वतःच्या हाताने ट्रायकोकार्डं लावली. पोस्टकार्डाएवढा कागद असतो, त्यावर एका बारीकशा गांधीलमाशीची अंडी चिकटवलेली असतात. माश्या बाहेर पडतात आणि बोंडअळीची अंडी फस्त करतात. शेतकरी बांधावर उभा राहून सगळं पाहत होता. शेवटी अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, हे कागदं पाहून अळी हासून हासून मरन काय?" संध्याकाळी तोच गडी माझ्या दुकानात हजर. मी त्याला चांगलं कडक औषध दिलं. अळी मेली आणि साडभाऊंच्या माश्याही मेल्या. मी तेव्हा खदाखदा हसलो होतो, हेही सांगून टाकतो. पुढे त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या गोड स्वभावाची तारीफ केली, जो कोणीच कधी पाहिलेला नव्हता. उत्तरादाखल ते दोनच वाक्यं बोलले. "तीस वर्षं सांगतलं. पन मित्रकीटकानं काम पुरं केलेलं एकबी वावर म्या डोयानं पाह्यलं नाई, मंधातच कोनी तरी फवारते." टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

निवृत्त माणसं तीर्थयात्रेला जातात. साडभाऊ मालवणला गेले, नळी तोंडात धरून समुद्रात डोकं घातलं, आणि माझ्या मते ते डोकं अजून बाहेर काढलेलंच नाही. परत आल्यावर वर्षभरात टाकी उभी राहिली. तिच्याभोवतीचे नियम तर विचारू नका. बैठकीत शिरण्याआधी मला कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, तेही साबणाशिवाय, कारण साबण माशांना चालत नाही आणि मी कोणालाच चालत नाही. "तुमच्या अंगाले औषधाचा वास येते दुकानदार, तिकून भिंतीजवून या." दिवाळीला मी नवा कोरा शर्ट घालून गेलो, तर त्यांनी तोही हुंगून पाहिला. रोज सकाळी ते हातात भिंग घेऊन टाकीचं निरीक्षण करतात, तेही सरकारी पद्धतीने: शेतात जसं नागमोडी चालत पाच ठिकाणची झाडं मोजतात, तसं टाकीसमोर डावीकडून उजवीकडे सरकत पाच ठिकाणचे दगड मोजायचे, आणि रजिस्टरमध्ये तारखेनिशी लिहून खाली सही ठोकायची. रजिस्टरला रकाने आहेत: कीड, मित्रकीटक, शेरा. आता ते कोणाला सादर करायचं असतं हे मी एकदा विचारलं होतं. दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

तर या टाकीत एक दिवस तण उगवलं. पुण्याहून आणलेल्या एका दगडाला चिकटून आलं असावं. काचेसारखं तपकिरी, बोटाच्या पेराएवढं, शेंड्याला झिपऱ्या. त्याला ऐप्टेशिया म्हणतात. हे एक जातीचं समुद्रफूल. फूल फक्त नावाला, खरं म्हणजे जनावरच. झिपऱ्यांनी शेजारच्या प्रवाळाला डंख करतं आणि जागा बळकावत जातं. टाकीच्या मधोमध साडभाऊंचा एक हिरवा प्रवाळ होता, सुपारीएवढा आणला होता तो तीन वर्षांत तळहाताएवढा झालेला, आणि तण निघालं ते नेमकं त्याच्या बुडाशी. आता शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस तण दिसलं की काय करणार? साडभाऊंनी ताईंचं खुरपं धुतलं, बाही वर केली आणि निंदण केलं. एकूण एक झाड खरवडून काढलं आणि समाधानाने चहा प्यायले. या जनावराचा चिमटीएवढा तुकडा मागे राहिला तरी त्याचं नवं जनावर होतं, हे त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. रजिस्टरमध्ये सातची चौपन्न झाली. ताई म्हणाल्या, "निंदलं म्हनता का पेरलं म्हनता?"

मी माझ्या परीने मदत करायला गेलो. या फुलाच्या तोंडात सुईने चुन्याची निवळी सोडली की ते जागच्या जागी मरतं, असं मी मोबाईलवर वाचलं होतं. मी तंबाखूवाल्याकडून चुन्याची डबी आणि दुकानातून नवी सिरिंज घेऊन गेलो. "भाऊ, अर्ध्या घंट्याचं काम हाये, खतम करून टाका." साडभाऊंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हंजे इथंबी फवारनीच?" म्हणाले. "रिठदच्या वावरात तुमी मले हरवलं दुकानदार, ते ठीक हाये. हे पाच फुटाचं वावर माह्यं हाये. इथं एकबी थेंब पडनार नाई. याले खानारा कोनी तरी असनच, तो आनतो." प्रवाळाची एक कड तोवर पांढरी पडली होती. मी म्हणालो, तो येईपर्यंत तुमचा प्रवाळ राहायचा नाही. ते म्हणाले, "मोजून राह्यलो ना मी." मी चुना आणि सिरिंज घेऊन चपला घातल्या.

आधी आली कोळंबी. पांढऱ्या-तांबड्या रेघांची एक जात हे तण खाते, ती थर्मोकोलच्या डब्यात बंद होऊन पुण्याहून ट्रॅव्हल्सने आली. साडभाऊ पहाटे बसस्टँडवर हजर. चार दिवसांनी लक्षात आलं की बाई तणाला शिवतसुद्धा नाहीत, हिरवा प्रवाळ मात्र कुरतडतात. तशाच रेघांची, पण दुसरीच जात पुण्याच्या मासेवाल्या दुकानदाराने गळ्यात मारली होती. साडभाऊंनी बोगस बियाण्याचा करतात तसा रीतसर पंचनामा केला, ताईंची आणि माझी पंच म्हणून सही घेतली, आणि ‘दुकानदार’ हा शब्द त्या कागदात नऊ वेळा घातला. मग आला लांब चोचीचा एक देखणा फुलपाखरू मासा. तो महिनाभर तणाकडे पाठ करून फिरला आणि दुसऱ्यांसाठी टाकलेला खुराक खाऊन गुबगुबीत झाला. ताई त्याला जावईबापू म्हणायच्या. तेव्हा मी हसलो, मग लक्षात आलं की ताईंच्या माहेरचे जावई आम्ही दोघेच.

शेवटी साडभाऊंनी गोगलगायी मागवल्या. इथे जरा थांबा. त्या वर्षी आमच्या सगळ्या जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला होता. लोक पोतीच्या पोती वेचून मिठात घालत होते, माझ्या दुकानात गोगलगायीच्या गोळ्यांना रांग लागली होती, आणि हा गृहस्थ पार्सलने गोगलगायी आणवत होता! या समुद्रातल्या गोगलगायींच्या पाठीवर शंख नसतो, अंगभर पांढरट झालर असते, आणि जन्मभर ते एक तण सोडून दुसरं काही म्हणून त्या खात नाहीत. सहा आल्या, नखाएवढ्या. पाण्यात सोडल्या आणि दगडांत अशा गडप झाल्या की पुन्हा एकही दिसेना. गावात बातमी फुटली. माझ्या दुकानात बसलेले लोक विचारायचे, "तुमच्या साडभाऊले आमच्या वावरातल्या पायजेत काय? फुकट देतो, पोतं त्याहिचं." मीही त्यात मीठमसाला घालायचो. साडभाऊ मात्र रोज सकाळी डावीकडून उजवीकडे सरकत होते. चौपन्नची साठ झाली. मित्रकीटक: शून्य. शेरा: धीर धरणे.

मग रब्बीच्या पेरणीच्या ऐन गर्दीत एक दिवस त्यांचा फोन आला. "दुकानदार, या." एवढंच. मला वाटलं, टाकी फुटली नाहीतर कोणी तरी आजारी पडलं. दुकान सोडून धावत गेलो, कोपरापर्यंत हात धुतले. साडभाऊ टाकीसमोर उभे होते. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी पाच ठिकाणं पाहिली, मग सगळी टाकी पाहिली. एकही तण नव्हतं. हिरवा प्रवाळ कडेपर्यंत उमलला होता, आणि त्याच्या बुडाशी झालरवाली एक गोगलगाय सावकाश चालली होती. कोणी फवारलं नव्हतं, कोणी मध्येच घाई केली नव्हती. आता साडभाऊ तीस वर्षांचे टोमणे एकदम वसूल करणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "सारं खाऊन टाकलं बिचाऱ्याहिनं. आता काय खातीन?"

झालं! आपल्याच कामाने उपाशी मरायला निघालेल्या गोगलगायींसाठी हा माणूस आता तणाची शेती करतो. कोणा मासेवाल्याकडून हातापाया पडून चार तणं मागवली आणि ताईंची लोणच्याची बरणी ताब्यात घेतली. खुरप्याने तुकडे केले की तण वाढतं, ही चूक आता लागवडीची पद्धत झाली आहे. ताई नवीन बरणी मागतात आणि ते हो हो म्हणतात.

पण गेल्या वर्षापासून साडभाऊंच्या डोळ्यांनी दगा दिला. साखरेमुळे पडदा खराब झाला, अकोल्याच्या डॉक्टरांनी होतं तेवढं केलं. बैठकीतला उजेड दिसतो, प्रवाळाचा हिरवा डाग दिसतो, गोगलगाय दिसत नाही. ज्या डोळ्यांनी तीस वर्षं एका गोष्टीची वाट पाहिली, त्यांना ती दिसली आणि मग ते थकले. म्हणून दुकान उघडण्याआधी मी रोज जातो, हात धुतो, भिंग घेतो आणि डावीकडून उजवीकडे सरकतो. मी आकडे बोलतो आणि ते, "नीट पाह्यलं काय? घाई कराची सवयच हाये तुमाले," असं म्हणून मलाच लिहायला लावतात.

परवा रिठदचा एक शेतकरी दुकानात आला. तुरीवर अळी दिसली, म्हणाला, कडक औषध द्या. माझा हात कपाटाकडे गेला आणि तोंडातून निघालं, "किती झाडं मोजले?" "काहून? दुकान बंद करून राह्यले काय?" मी म्हणालो, आधी वीस झाडं मोजून ये, मग देतो. तो उठला आणि समोरच्या दुकानातून औषध घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे साडभाऊंना सांगितलं. वाटलं, हसतील. ते काचेवरचा हात काढून माझ्याकडे वळले.

"आन् तुमी इचारलं?"

"व्हय."

"औषध देल्लं नाई?"

"नाई."

त्यांनी चाचपडत रजिस्टर उघडलं. ते उलटं होतं, मी सरळ करून दिलं. "लिवा," म्हणाले. "आजची तारीख. मित्रकीटक, एक."

मी लिहिलं. खाली त्यांनी अंदाजाने सही केली.